दुसऱ्यानं पाहिलेलं मत

“आपण मला आजवर एकदाही मतदान करू दिलेलं नाही. हेच पहिलं वाक्य ठेव बेटा. साहेबानं वाचल्याबरोबर त्याले लागलं पायजे.”

वसंतराव देवघरे खुर्चीच्या काठावर सरकून बसले होते आणि हवेत बोट आपटत होते, साहेबाचं टेबल समोरच असल्यासारखं. मधुवंती मांडीवर लॅपटॉप घेऊन निवडणूक कार्यालयाला द्यायचं पत्र टाइप करत होती. स्वयंपाकघरात प्रेमलता चहा गाळत होती. चहा गाळणीच्या बाहेरून ओट्यावर गेला.

“एकदाही कसं, काका?” मधुवंतीनं विचारलं. “दर निवडणुकीत तुमचं मतदान झालेलं आहे. साहेब म्हणेल, हा माणूस खोटं बोलतोय.”

“शाई माह्या बोटाले लागली. बटन दुसऱ्यानं दाबलं. मंग मत कोणाचं झालं, सांग बरं?”

“हे असंच लिहू?”

“असंच लिही. गोड नको करू.”

दुसऱ्यानं. प्रेमलतानं फडकं घेतलं आणि ओटा पुसला. जिथे चहा सांडला नव्हता तिथेही पुसला.

वसंतराव जन्मापासून आंधळे. ‘दृष्टिहीन’ हा शब्द मधुवंतीनं या घरात आणला. तोपर्यंत इथे आंधळा हाच शब्द होता आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांची नोकरी झाली, निवृत्तीनंतर हुडकेश्वरला प्लॉटवर दोन खोल्या झाल्या. लग्नापासूनच्या प्रत्येक निवडणुकीत, लोकसभा असो की महानगरपालिका, प्रेमलता त्यांना मतदानाला घेऊन गेली होती. सकाळी चपला पायात सरकवता सरकवता ते तिच्या कानाशी नाव सांगत. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ते तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहत आणि ती आधी शिक्का मारे, पुढे यंत्रं आल्यावर बटण दाबे. दूध उतू जाऊ नये म्हणून बाई जशी भांड्यासमोर उभी राहते, तेवढ्या लक्षानं दाबे. यंत्र वाजलं की ते विचारत, “झालं?” ती म्हणे, “झालं.”

या एप्रिलमधल्या लोकसभेला मात्र वसंतरावांनी केंद्रावर तोंड उघडलं. यंत्राच्या बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे कोरलेले असतात, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मले एकट्याले जाऊ द्या, म्हणाले. अधिकारी घामानं ओला झालेला. “काका, काकू आहेत न. मागे लाइन खोळंबून राहिली.” वसंतरावांनी आणखी एकदा म्हणून पाहिलं. मग प्रेमलतानं त्यांचा दंड धरला, आत नेलं, त्यांनी सकाळी सांगितलेलं बटण दाबलं. त्या दुपारी ते जेवले नाहीत. ऊन बाधलं असेल, असं तिला वाटलं. तिनं कांदा ठेचून त्यांच्या तळपायाला चोळला.

ऊन बाधलेलं नव्हतं, हे मे महिन्यात मधुवंती आल्यावर कळलं.

मधुवंती प्रतापनगरची. लॉ कॉलेजात शिकवायची आणि निवडणूक कायद्यावर पीएच.डी. करायची. अंध माणसाचं मत खरोखर गुप्त राहतं का, हा तिचा विषय. अंधांच्या एका संघटनेतून तिला वसंतरावांचा नंबर मिळाला. तासाभरासाठी म्हणून आली आणि मग दर शनिवारी येऊ लागली. एप्रिलची सगळी हकीकत वसंतरावांनी तिला सांगितली. ते का जेवले नाहीत, हेही तिलाच सांगितलं. बायकोनं ते दाराआडून ऐकलं.

प्रेमलतानं चहाचे कप टीपॉयवर ठेवले.

“काय वं, आदळून काहून राहिली?” वसंतराव म्हणाले.

“कप गरम आहे.”

“काकू, बसा ना,” मधुवंती सरकली. “तुमच्याबद्दलच चाललंय.”

“ऐकू आलं मले.”

“तसं नाही हो. नियमाबद्दल. नियम म्हणतो, अंध मतदारानं सोबती न्यावा. सोबती लिहून देतो की हे मत मी कोणाला सांगणार नाही. म्हणजे मत जगापासून गुप्त राहिलं. पण सोबत्यापासून? लोकांनी यात काय काय केलंय ते ऐकाल तर... एका आजीचं मत तिचा पुतण्या दर वेळी आपल्या मर्जीनं टाकून येत होता. तिला दहा वर्षांनी कळलं. म्हणून माझं म्हणणं आहे की दुसऱ्या व्यक्तीनं पाहिलेलं मत गुप्त नसतंच.”

“मी दुसरी व्यक्ती आहो का?”

“कायद्याच्या भाषेत, काकू...”

“कायद्याचं राहू दे. ह्यांले विचार.”

वसंतराव चहात बिस्कीट बुडवून बसले होते. त्यांनी ते वर काढलं नाही. बिस्कीट तुटलं आणि कपात तळाला गेलं.

पत्र गेलं. शनिवार चालूच राहिले. शुक्रवारी रात्रीच वसंतराव विचारत, निळा सदरा धुतला का. शनिवारी सकाळी दाढी करत, गालावर हात फिरवून पुन्हा करत. पोट्टीले सांबारवडी आवडते, म्हणत. मग प्रेमलता सांबार निवडायला बसे, आणि कोथिंबिरीची ती हिरवी जुडी निवडताना काड्यांबरोबर चांगली पानंही तोडून फेकी.

शेजारच्या पार्वतीबाईंनी एकदा भिंतीवरून डोकं काढलंच.

“तुमच्याकडे वकीलीन येऊन राहिली म्हणे?”

“सरकारी काम आहे ह्यांचं.”

“सरकारी कामाले सांबारवडी लागते काय वं?” पार्वतीबाई नाकानं हवा ओढत म्हणाल्या. “अन् भाऊजी पावडर-गिवडर लावून ओसरीत बसते. आमचे हे पाहून आले. मले म्हनते, वसंता बिनडोळ्याचा असून पावडर लावते, तू डोळे असून माह्याकडे पाहत नाही.”

“तुमच्या ह्यांले भिंतीकडे पाहू नका म्हना.”

“भिंतीकडं नाही पाहून राहिले ते, वडीकडं पाहून राहिले. चार पाठवशीन का?”

प्रेमलतानं पाठवल्या. त्या शनिवारी मधुवंतीच्या ताटलीत कमी पडल्या, तेवढंच.

ऑगस्टमध्ये मधुवंतीनं आणखी एक गोष्ट आणली. जाड पिवळट कागद, त्यावर उठलेले ठिपके. ब्रेल शिकते आहे, म्हणाली. विषय हाच आहे तर वाचता यायला हवं. वसंतराव हसले. असे हसले की प्रेमलता वड्यांची ताटली घेऊन दारातच थांबली. त्यांनी मधुवंतीचं बोट आपल्या दोन बोटांत धरलं आणि कागदावर ठेवलं.

“दाबू नको. दाबलं का ठिपका मरते. नुसतं फिरव. मुंगी चालते न, तसं. हं. काय आहे?”

“क?”

“भैताड आहे का? म्हणे क! पुन्हा फिरव.”

दोघंही हसली. बोट दोन बोटांत तसंच होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी प्रेमलता म्हणाली होती, मलेही शिकवा. वसंतरावांनी तिचं बोट चाचपून पाहिलं होतं. “तुह्यी बोटं राठ आहे. तुले ठिपका नाही समजनार. अन् तुले काय गरज? तुह्याजवळ डोळे आहे न. तू वाचशीन अन् मी ऐकीन.” तेव्हा ती खूश झाली होती. केवढी मोठी कामगिरी मिळाली, असं तिला वाटलं होतं. मग तिनं वाचलं. वर्तमानपत्र, पेन्शनचे कागद, औषधाच्या बाटल्या, लग्नपत्रिका, भिंतीवरच्या जाहिराती, बसच्या पाट्या. घसा बसेपर्यंत वाचलं.

“वड्या थंड होतीन,” ती दारातून म्हणाली.

“ठेव,” वसंतराव म्हणाले, आणि बोट सोडलं नाही.

स्वयंपाकघरात जाऊन ती अंगठ्यानं स्वतःच्या तर्जनीचं टोक घासत राहिली. राठ होतंच. कशामुळे राठ झालं, ते विचारायला कोणी पीएच.डी. करत नव्हतं.

नंतर एक शनिवार असा आला की मधुवंतीनं तिलाच समोर बसवलं. सोबत्यांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. नाव, वय, शिक्षण, नातं. प्रेमलतानं पदर नीट केला. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिचं म्हणणं टिपून घेत होतं आणि तिला ते, खोटं कशाला सांगा, थोडं आवडत होतं. मग मधुवंतीनं विचारलं,

“हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते, काकू. राग मानू नका. सोबती म्हणून गेल्यावर त्यांनी सांगितलं त्यापेक्षा वेगळं बटण तुम्ही कधी दाबलं का?”

प्रेमलतानं नवऱ्याकडे पाहिलं. आता हा माणूस ओरडेल, असं तिला वाटलं. काय विचारून राहिली तू माह्या बायकोले, असं म्हणेल. वसंतराव ओरडले नाहीत. त्यांनी मान किंचित तिरकी केली होती. ऑपरेटर असताना लाइनवर दुसऱ्या टोकाचा आवाज येतो का हे ऐकताना ते अशीच मान करत.

तेही उत्तराची वाट पाहत होते.

“नाही,” ती म्हणाली.

“कधीच?”

“नाही म्हनलं न.”

मधुवंतीनं खूण केली. आणि वसंतराव खुर्चीत मागे टेकले. सुटल्यासारखे टेकले. एवढ्या वर्षांच्या संसारात प्रेमलतानं नवऱ्याची शिवी खाल्ली होती, सासूची खाल्ली होती, पण त्या टेकण्यासारखं काही तिला लागलं नव्हतं. ती उठली, आत गेली, नळ सुरू केला आणि रिकाम्या बादलीत पाणी पडू दिलं. बराच वेळ.

दिवाळीनंतर विधानसभेची निवडणूक लागली. मतदानाच्या आठवड्यात एका सकाळी वसंतराव अंघोळीला गेले होते आणि त्यांचा फोन वाजला.

“वसंत देवघरे? निवडणूक कार्यालयातून बोलतोय. आपलं पत्र होतं, ब्रेलबद्दल. केंद्रावर तसं कळवायचंय. स्वतः मतदान करणार की सोबती येणार?”

बाथरूममधून तांब्याचा आवाज येत होता. वसंतराव गुणगुणत होते. हल्ली ते गुणगुणायचे.

“सोबती येईन,” प्रेमलता म्हणाली.

“मग पत्रात तर...”

“ते तवाचं होतं. आता सोबती येईन.”

“नाव?”

“प्रेमलता.”

“नातं?”

“बायको.”

तिनं फोन होता तिथे, होता तसा उपडा ठेवला.

“कोणाचा फोन?” आतून आवाज आला.

“राँग नंबर.”

तिला वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवशीची भाजी चांगली झाली.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ती वर्तमानपत्र घेऊन बसली. दर निवडणुकीला बसायची तशी. उमेदवार कोण, कोणाच्या मागे किती खटले, कोणी कोणाला काय म्हटलं. चष्मा पुसून तिनं पहिली ओळ वाचायला घेतली.

“राहू दे,” वसंतराव म्हणाले. “मधुवंतीनं सगळ्यांची शपथपत्रं वाचून पाठवली. तिच्या आवाजात. ऐकून राहिलो मी.”

त्यांच्या कानात इयरफोनच्या काळ्या गोळ्या होत्या. मधुवंतीनंच आणून दिलेल्या. ते ऐकत होते, मधूनच मान डोलवत होते, एकदा तर ‘अरे वा’ म्हणाले. प्रेमलता समोर बसून होती. या घरात आजवर त्यांच्या कानात जे गेलं ते तिनं घातलेलं होतं, नाहीतर तिच्या समोर गेलेलं होतं. आता तिच्या डोळ्यांदेखत एक बाई त्यांच्याशी बोलत होती आणि हिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तिनं वर्तमानपत्राची घडी घातली. मग आणखी एक घातली. ते एवढंसं होईपर्यंत घालत राहिली.

सकाळी तिनं त्यांच्या डोक्याला तेल लावलं, चपला पुढे ठेवल्या आणि कान जवळ नेला.

“काठी दे,” वसंतराव म्हणाले.

तिनं काठी दिली.

केंद्र शाळेत होतं. पांढऱ्या चुन्याच्या रेषेबाहेर मधुवंती उभी होती. तिचं मत प्रतापनगरला, इथे तिला आत जाता येत नव्हतं. तिनं काकांचा हात हातात घेऊन दाबला. वसंतराव लग्नाला निघाल्यासारखे ताठ झाले. प्रेमलतानं त्यांचा तोच हात ओढून आपल्या खांद्यावर घेतला आणि चालू लागली.

आत टेबलामागे एक तरुण केंद्राध्यक्ष होता, चांगला, हसऱ्या तोंडाचा.

“या काका. निरोप आहे तुमचा माझ्याकडे. सोबती प्रेमलता, पत्नी. बरोबर? काकू, इथे सही करा. आणि उजवं बोट पुढे करा, सोबत्याच्या उजव्या बोटाला शाई लावावी लागते.”

“थांबा,” वसंतराव म्हणाले. “मी पत्र देलं होतं. मले सोबती नको.”

“हो, पण नंतर बदल कळवला ना तुम्ही.”

“कोणं कळवला?”

“घरूनच. फोनवर बाई बोलल्या.”

वसंतरावांनी मान वळवली. नेमकी वळवली; ती उभी होती तिथेच त्यांचा चेहरा येऊन थांबला. तिला वाटलं आता सगळ्यांसमोर तमाशा होणार, आणि होऊ दे असंही वाटलं. सगळं ओठांवर होतं. बोट राठ आहे म्हणालात. दुसऱ्यानं म्हणालात.

“उमेदवारांच्या नावांची ब्रेल पत्रिका नाही का तुमच्याजवळ?” वसंतरावांनी टेबलाला विचारलं.

“आहे ना. पण पिशवीत आहे खाली, काढावी लागेल. तुम्ही वाचणार, मग जाणार... रांग बघा केवढी. काकू आहेतच की.”

“काकाजी, करा न लवकर बापा,” मागून कोणीतरी म्हणालं. “आम्हाले ड्यूटीवर जाचं आहे, बुटीबोरीले.”

मग वसंतरावांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा दंड बाजूला काढला. धरायला. एप्रिलमध्ये तिनं तो ओढून धरला होता. आज त्यांनी आपणहून दिला. दवाखान्यात अनोळखी नर्ससमोर माणूस सुईसाठी दंड उघडा करतो, तसा.

ते भांडले असते तर तिनं त्यांना आत नेलं असतं.

शाईची बाटली घेऊन बसलेली मुलगी काडी उचलून थांबली होती. काडीच्या टोकाशी जांभळा थेंब आला होता. “काकू, उजवा हात?”

प्रेमलतानं उजवा हात पदरात घेतला आणि वरून पदराचा वेढा दिला. एक. दुसरा. मूठ दिसेनाशी झाली.

“काकू?”

“पेपर काढा ह्यांचा,” ती म्हणाली. “पिशवीतून काढाले काय जीव जाते का?”

रांगेत कोणीतरी हसलं. केंद्राध्यक्षानं पिशवी वर घेतली, खालचं वर केलं, आणि पांढरा जाड कागद वसंतरावांच्या हातात दिला. ते तिथेच टेबलाशी उभं राहून वाचू लागले. ओठ हलत होते. बोट खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं आणि एका जागी रेंगाळलं. कागदावर नुसते ठिपके होते. ज्या बाईनं या माणसाला जगातलं सगळं वाचून दाखवलं, ती त्याच्या शेजारी उभी राहून त्याच्या बोटाखालचं एक नाव वाचू शकत नव्हती. तिनं मान लांब केली. मग आवरली.

एका कर्मचाऱ्यानं त्यांना आडोशापर्यंत नेलं आणि सोडलं. पुठ्ठ्याच्या वर फक्त त्यांचं डोकं दिसत होतं. तेल जास्त झालं होतं. डोकं हललं, खाली वाकलं. बराच वेळ काही झालं नाही. रांगेतला बुटीबोरीवालाही मान उंचावून पाहत होता.

यंत्र वाजलं.

“झालं,” वसंतराव आतून म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

ते बाहेर गेले आणि प्रेमलताचा नंबर लागला. डाव्या बोटाला शाई, सही, चिठ्ठी. ती आडोशामागे गेली. यंत्रासमोर उभी राहिली. बोट सवयीनं पुढे गेलं आणि हवेत थांबलं.

दर वेळी ती आधी त्यांचं मत टाकायची आणि मग आपलं. आपलं म्हणजे तेच. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं, कोणी तसा दम दिलेला नव्हता. एका पातेल्यातलं पहिलं त्यांच्या ताटात वाढायचं आणि उरलेलं आपल्या, तसं ते होतं. त्यात विचारायचं काय? आज त्यांनी नाव सांगितलं नव्हतं.

तिनं वरून नावं वाचली. ही सगळी माणसं तिला माहीत होती. त्यांचे खटले, त्यांच्या कोलांट्या, त्यांची भाषणं, तिनं तिच्याच आवाजात मोठ्यानं वाचली होती, इतकी वर्षं. एकदाही स्वतःला ऐकू जाईल असं वाचलं नव्हतं. चौथ्या नावापाशी ती थांबली. पुन्हा वर गेली.

“काकू, काही अडचण आहे का?” बाहेरून आवाज आला.

“नाही.”

“बटण दाबलं की आवाज येईल.”

“माहीत आहे मले,” ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. “दम धरा.”

तिनं पदराचा वेढा सोडवला. मुंग्या आलेली बोटं झटकली. चष्मा नाकावर वर सरकवला आणि सगळी नावं पुन्हा, पहिल्यापासून, सावकाश वाचली.

यंत्र वाजलं तेव्हा ती दचकली.

रेषेबाहेर मधुवंती फोन पुढे धरून वसंतरावांचं म्हणणं टिपत होती. “काका, पहिल्यांदा एकट्यानं! कसं वाटलं?”

“आकडे लहान आहे. अजून उठावदार पायजे.”

“हो, ते लिहीन. पण तुम्हाला आतून काय वाटलं?”

“चांगलं वाटलं.” ते शाळेच्या फाटकाकडे कान लावून उभे होते. “ही आली नाही का अजून?”

“येतायत. काका, थोडं सविस्तर सांगा ना, मला प्रबंधात...”

“पुढच्या शनिवारी सांगतो न बेटा.”

मधुवंतीला दुसऱ्या एका केंद्रावर जायचं होतं. ती स्कूटीवरून गेली. प्रेमलता तिच्या पाठीकडे पाहत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आज त्या पाठीचा राग यायला वेळ लागतो आहे.

दोघं घराकडे चालू लागली. वसंतरावांचा हात तिच्या खांद्यावर होता. फोनचं आता काढतील, तिला वाटलं. तिनं उत्तर तयार ठेवलं होतं: हाव, मीच सांगितलं. काय करनार? मोकळ्या प्लॉटांमधली पायवाट आली, पाण्याची टाकी गेली. फोनचं त्यांनी काढलं नाही.

“तुले आत लय टाइम लागला,” ते म्हणाले.

“गर्दी होती.”

“बाहेर गर्दी होती. आत तर एकच माणूस असते.”

एक म्हैस वाटेत आडवी उभी होती. तिनं त्यांना वळसा घालून पुढे नेलं.

“म्या तर तुले काही सांगितलं नोहतं,” वसंतराव थोड्या वेळानं म्हणाले. स्वतःशीच म्हणाल्यासारखं.

“नाही.”

आणखी थोडं चालणं झालं. खांद्यावरचा हात जड होत गेला.

“मंग?”

“मंग काय? चला, भात टाकाचा आहे.”

वसंतराव थांबले. खांद्यावरचा हात त्यांनी काढून घेतला आणि दोन्ही हातांनी काठी धरून वाटेच्या मधोमध उभे राहिले. निळ्या सदऱ्याच्या काखेत घामाचा डाग उतरला होता. मान किंचित तिरकी झाली होती. ती त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होती आणि श्वासाचाही आवाज करत नव्हती. हे तिचं तिलाच नवीन होतं, आणि ते तिला इतकं गोड लागत होतं की तिनं ओठ मिटून घेतले.

“भाताले लागू दे आग. प्रेमा? कुठं गेली? मी विचारून राहिलो तुले.” काठी जमिनीवर आपटली. “कोणाले देलं तू? बोल न वं. कोणाले देलं?”